चढ सोडून सगळं पाहिलं

इलेक्ट्रिक सायकल घ्यायची तर जुन्या, नावाजलेल्या कंपनीचीच, हे मी दुकानात पाऊल टाकायच्या आधीच ठरवलं होतं. ज्या कंपनीच्या सायकलवर शाळा-कॉलेज झालं, तिची फ्रेम दगा देत नाही एवढं अनुभवानं माहीत होतं. पण ती हमी सायकलची झाली. मोटर, कंट्रोलर आणि बॅटरीबद्दल त्या जुन्या अनुभवातून काहीच कळत नाही, हे डोक्यात आलं नाही. कंपनी ठरली म्हणजे सायकल ठरली, असं धरून चाललो आणि फसलो.

दुकानात त्या एकाच कंपनीची बरीच मॉडेलं होती, किमतीत चांगलाच फरक. महागात जास्त ताकदीची मोटर असणार असं मला वाटलं. तसं नव्हतं. सगळ्यांवर २५०चाच आकडा. आपल्याकडे मोटर पाव किलोवॉटच्या आत असेल आणि ताशी २५ किलोमीटरला तिची मदत थांबत असेल, तर ती सायकल मोटार वाहनात धरत नाहीत. लायसन्स नको, नंबरप्लेट नको. त्यामुळे त्या मॉडेलांत खरा फरक होता तो बॅटरीत, गिअरमध्ये आणि जोडणीत. मी बघितलं काय, तर रंग, जाड टायर आणि पुढचे शॉकअप. मडगार्ड नव्हतं, कॅरिअर नव्हतं. साताऱ्याच्या पावसात पाठीवर चिखलाचा पट्टा घेऊन ऑफिसात शिरलो, तेव्हा शॉकअपचं कौतुक संपलं.

गिअरचं मॉडेल शेजारीच होतं. ‘मोटर आहे म्हटल्यावर गिअर कशाला?’ असं मीच दुकानदाराला ऐकवलं. तो बिचारा गप्प बसला. दुकानासमोरच्या सपाट रस्त्यावर एक चक्कर मारली, वाऱ्यासारखी पळाली, पैसे मोजले.

माझं घर समर्थ मंदिराच्या बाजूला, वर. ऑफिस पोवई नाक्याच्या पलीकडे, खाली. म्हणजे सकाळी उतार आणि संध्याकाळी, दमल्या पायांनी, चढ. सातारकरांना हा रस्ता सांगायला नको. मी त्यावर जन्म काढला, तरी सायकल निवडताना तो विचारात घेतला नाही.

मागच्या चाकातली हब मोटर सपाटीवर झकास चालते. चढावर वेग पडला की मोटर सावकाश फिरते, बॅटरीतून करंट मात्र भरपूर ओढते. त्यातला बराचसा उष्णतेत जातो. ज्या सायकलींत मोटर पेडलपाशी बसवलेली असते, तिथे तिची ताकद चेनमधून जाते, म्हणून गिअर पाडला की मोटरलाही आराम. हब मोटरला ती सोय नाही. तिथे गिअर निदान पायांना तरी हात देतात. माझ्याकडे तेही नव्हते. वर आणखी एक गंमत: स्वस्त सेन्सरला फक्त पेडल फिरतंय की नाही एवढंच कळतं, पाय किती जोर लावतोय ते कळत नाही. त्यामुळे चढावर कुणी आडवं आलं आणि थांबलो, की पुन्हा निघताना पहिला अर्धा फेरा माझा मीच. मदत नेमकी उशिरा.

एवढं निभावलं असतं. खरी गोची बॅटरीची. ती फ्रेमच्या नळीत बसवलेली, बाहेर निघत नाही. दिसायला देखणी, चोरीची भीती नाही, असं मी घरी मोठ्या तोऱ्यात सांगितलं. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, पार्किंगमध्ये प्लग नाही. म्हणजे चार्जिंगसाठी वीस-बावीस किलोची सायकल खांद्यावर घेऊन जिना चढायचा. ‘अहो, पायांना आराम म्हणून घेतली ना ही?’ बायकोनं विचारलं. उत्तर नव्हतं. मग एक दिवसाआड चार्जिंग, मग ‘उद्या बघू’.

अशाच एका संध्याकाळी राजवाड्याच्या अलीकडे मोटर गप्प झाली. उतरून बाजूला घेतली, तर दिव्यांवर अजून दोन रेघा. पुन्हा बसलो, दहा-पंधरा पावलं गेली, पुन्हा गप्प. बिघाड समजून दुकानात नेली. बिघाड काहीच नव्हता. बॅटरी उतरत आली असताना चढाचा भार पडला की तिचा व्होल्टेज एकदम खाली जातो, आणि तिला जपायला यंत्रणा पुरवठा तोडते. भार काढला की व्होल्टेज सावरतो आणि दिवे पुन्हा आशा दाखवतात.

माहितीपत्रकात अंतर ४० किलोमीटर लिहिलं होतं, आणि मी त्यावरच विसंबलो. बॅटरीवर ३६ व्होल्ट आणि ५.८ अँपिअर-तास असंही छापलेलं होतं. दोन्हींचा गुणाकार येतो साधारण २०९ वॉट-तास. शेजारच्या गिअरवाल्या मॉडेलची बॅटरी १०.४ अँपिअर-तासांची होती, म्हणजे ३७४. जवळजवळ पावणेदोन पट, शिवाय किल्ली फिरवून काढता येणारी. हा गुणाकार शाळेतल्या पोरानं केला असता. मी पावतीमागे तो केला, पण पैसे दिल्यानंतर कितीतरी महिन्यांनी.

पंक्चरचं तर विचारूच नका. मागचं चाक मोटरचं, जड, आसाला वायर. नेहमीच्या पंक्चरवाल्यानं चाकाकडे पाहिलं आणि म्हणाला, ‘काका, वायर तुटली तर माझ्या गळ्यात येईल. कंपनीतच न्या.’ त्याचं बरोबरच होतं. शेवटी एका जाणकारानं चाक न काढता, टायर एका बाजूनं सोडवून, ट्यूब बाहेर ओढून ठिगळ लावलं. तेव्हापासून आसाच्या नटाला बसणारा पाना पिशवीत असतो.

ती सायकल आता फलटणला भाच्याकडे आहे. गाव सपाट, घर तळमजल्यावर, अंगणात प्लग. त्याची एका मडगार्डाशिवाय काही तक्रार नाही, आणि तेही त्यानं बसवून घेतलं. मी त्याच कंपनीचं गिअरवालं मॉडेल घेतलंय. बॅटरी संध्याकाळी हातात घेऊन वर नेतो. तुम्ही घ्यायला जाल तेव्हा दुकानासमोर चक्कर मारून भागवू नका. तुमच्या घराकडचा चढ चढून बघू द्या, असं दुकानदाराला सांगा. आणि नवी बॅटरी कितीला पडते, ते पैसे देण्याआधी कागदावर लिहून घ्या.