एका पेढीचे दोन सारथी

कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात गुळाची अडत चालविणाऱ्या एका घरातले दोन भाऊ वर्षानुवर्षे एकाच गादीवर बसत. थोरला वहीचा माणूस. उचल कुणाला किती द्यायची आणि हात कुठे आखडायचा, हे त्याला न सांगता कळे. धाकटा सौद्याचा माणूस. रव्याचा रंग पाहून भाव बोलण्यात त्याचा हात धरणारा क्वचितच सापडे. पेढी एक, माल एक, बाजार एक. त्यामुळे दोघांना एकमेकांशेजारी उभे करून जोखण्याचा मोह कोणालाच आवरत नसे. त्यांच्या वडिलांना, आबांना, तर तो मुळीच आवरत नसे. जेवणाच्या पंक्तीत, पाहुण्यांसमोर, कधी हमालांसमोरही "थोरल्याकडून शीक" किंवा "धाकट्याची धडाडी बघ" हे शब्द त्यांच्या तोंडून सहज निघत. पाडव्याचे मुहूर्ताचे सौदे आटोपल्यावर धाकट्याने वेगळ्या पेढीची गोष्ट काढली, तेव्हा आबांना आश्चर्य वाटले. घरात दुसऱ्या कोणालाही वाटले नाही.

त्या दिवाळीत आबांशी मोकळेपणाने बोलला तो थोरल्याचा मुलगा. त्याला मोटारशर्यतींचे वेड. कोल्हापूरला ते वेड नवे नाही. उद्यमनगर आणि शिरोलीच्या फौंड्र्यांतून वाहनांचे सुटे भाग ओतले जातात. मोहित्यांच्या कार्टिंग ट्रॅकवर राष्ट्रीय स्पर्धेच्या फेऱ्या झाल्या आहेत. २०१८ साली कोल्हापूरचा कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला थ्री मालिकेत डबल आर संघाकडून धावला, आणि त्याच संघातला स्वीडनचा लिनस लुंडक्विस्ट त्या वर्षीचा विजेता ठरला.

"आबा, शर्यतीत ड्रायव्हरचा पहिला प्रतिस्पर्धी दुसऱ्या संघात नसतो," नातू म्हणाला. "दुसऱ्या संघाची गाडी वेगळी, इंजिन वेगळे, हरला तर गाडीला दोष देता येतो. आपल्याच संघातल्या जोडीदाराची गाडी मात्र आपल्यासारखीच असते. तिथे सबब चालत नाही."

एकाच तालमीत जोर धरणाऱ्या दोन पैलवानांची गोष्ट कोल्हापूरकराला समजावून सांगावी लागत नाही. आबांनी मान हलविली. मग नातवाने त्यांना मॅक्लारेन संघाची कथा सांगितली.

१९८८ साली त्या संघात फ्रान्सचा आलाँ प्रॉस्ट आणि ब्राझीलचा आयर्टन सेना एकत्र आले. प्रॉस्ट पाच वर्षांनी मोठा, दोनदा जगज्जेता झालेला. टायर आणि इंधन राखून, शर्यतीचा हिशोब मांडून तो गाडी हाकी. लोक त्याला 'प्रोफेसर' म्हणत. सेना केवळ वेगाचा उपासक. मोनॅकोच्या अरुंद रस्त्यांवर त्याने सरावाच्या फेरीत, तशाच गाडीतल्या प्रॉस्टला जवळजवळ दीड सेकंदाने मागे टाकले. या खेळात एवढे अंतर म्हणजे डोंगर. पण दुसऱ्या दिवशी शर्यत हातात असताना, अवघ्या अकरा-बारा फेऱ्या उरल्या असताना, त्याची गाडी कठड्यावर आदळली आणि मागून शांतपणे येणारा प्रॉस्ट जिंकला. त्या मोसमातल्या सोळापैकी पंधरा शर्यती या दोघांनी मिळून जिंकल्या.

"मग श्रेष्ठ कोण?" आबांनी विचारले.

नातवाने आकडे सांगितले आणि आबांनी ते सौद्याच्या चिठ्ठीच्या पाठीवर मांडले. पहिल्याला नऊ गुण, दुसऱ्याला सहा. प्रॉस्टचे सात विजय आणि सात दुसरे क्रमांक: बेरीज १०५. सेनाचे आठ विजय, तीन दुसरे क्रमांक आणि किरकोळ चार गुण: बेरीज ९४. आबांनी प्रॉस्टच्या नावाखाली रेघ ओढली.

"थांबा. तेव्हाचा नियम असा, की सर्वोत्तम अकरा निकालच धरायचे. बाकीचे सोडून द्यायचे."

आबांनी पुन्हा मांडणी केली. प्रॉस्टचे तीन दुसरे क्रमांक गळाले, उरले ८७. सेनाचे उरले ९०. जगज्जेता सेना. आकडे तेच, माणसे तीच. फक्त काय धरायचे आणि काय सोडायचे हे बदलले आणि निकाल उलटला. आबा बराच वेळ त्या चिठ्ठीकडे पाहत राहिले. धाकट्याची बुडीत उधारी त्यांना तोंडपाठ होती. त्याने बोलीत मिळवून दिलेला नफा मात्र त्यांनी 'पेढीचा' म्हणून लिहिला होता. थोरल्याने वाचविलेली रक्कम तर कोणत्याच रकान्यात नव्हती, कारण जे बुडाले नाही त्याची नोंद वहीत होत नाही.

पुढची गोष्ट कडू होती. १९८९ साली इटलीतल्या इमोला येथे दोघांनी आपसांत ठरविले, की सुरुवातीला जो पुढे निघेल त्याला पहिल्या वळणावर दुसऱ्याने आव्हान द्यायचे नाही. अपघातामुळे शर्यत थांबून पुन्हा सुरू झाली, तेव्हा प्रॉस्ट पुढे निघाला आणि सेनाने त्याला वळणावर गाठून मागे टाकले. ठराव कोणत्या वळणाला आणि कोणत्या सुरुवातीला लागू, यावर वाद झाला. पण शब्द मोडला, असे प्रॉस्टच्या मनाने घेतले. त्याच वर्षी जपानमधील सुझुका येथे दोघांच्या गाड्या एकमेकींत अडकल्या, सेना बाद ठरला आणि प्रॉस्ट जगज्जेता झाला. प्रॉस्ट फेरारीकडे गेला. पुढच्या वर्षी तिथेच, पहिल्याच वळणावर, सेनाने त्याला धडक दिली; ती जाणूनबुजून होती, हे त्याने नंतर स्वतःच कबूल केले.

१९९३ च्या अखेरीस ऑस्ट्रेलियातील ॲडलेड येथे प्रॉस्टची शेवटची शर्यत झाली. ती सेनाने जिंकली आणि दुसऱ्या पायरीवरच्या प्रॉस्टला हात धरून स्वतःच्या पायरीवर ओढून घेतले. सहा महिनेही गेले नाहीत, तोच १ मे १९९४ रोजी, जिथे तो शब्द मोडला होता त्याच इमोलात सेनाचा मृत्यू झाला. साओ पाउलोमध्ये त्याच्या शवपेटीला खांदा देणाऱ्यांत प्रॉस्ट होता.

आबांनी चिठ्ठी घडी घालून खिशात ठेवली. दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन्ही मुलांना बोलाविले. धाकट्याला त्यांनी अडविले नाही. कोणते शेतकरी कोणाकडे माल लावतील, एकाच्या कुळाला दुसऱ्याने उचल द्यायची की नाही, हे सारे आधी लिहून काढले. एकेका शब्दाचा अर्थ दोघांकडून वदवून घेतला आणि मगच सह्या झाल्या.

पुढच्या पाडव्याला धाकट्याच्या नव्या पेढीवर मुहूर्ताचा सौदा निघाला. पहिली बोली थोरल्याने बोलली. गर्दीतल्या कोणीतरी सवयीने आबांना विचारले, "आता कळेल, दोघांत सरस कोण!"

आबा म्हणाले, "मोजायचे काय, ते आधी सांगा." आणि ते नातवाला घेऊन पेढे वाटायला निघाले.