कळंबची शमी

आमच्या घरीं भाद्रपद चतुर्थीस एकवीस पत्री वाहण्याचा कुळाचार आहे. गेल्या वर्षीं बाजारांतून आणलेली शमी ही शमी नसून वेड्या बाभळीचा डहाळा आहे, हें सासूबाईंनीं काट्यांवरूनच ओळखलें. शमीचे कांटे आंखूड व फांदीवर विखुरलेले असतात. वेड्या बाभळीचे लांब व पानाच्या बेचक्यांत. परसांतली आमची स्वतःची शमी तर आमच्याच हातून गेली होती. इतर झाडांप्रमाणें तिलाहि रोज पाणी घातलें, आणि काळ्या जमिनींत तिचीं मुळें कुजलीं. ती चुटपुट मनांत घेऊनच आम्हीं ज्येष्ठांत कळंबची वाट धरली.

वर्ध्याहून कळंबपर्यंतचा लोहमार्ग २०२४ सालीं सुरू झाल्यापासून हा प्रवास वृद्धांसहि सुखाचा झाला आहे. कळंब म्हणजे पुराणांतरींचें कदंबपूर. येथील श्रीचिंतामणीची स्थापना इंद्रानें केली, अशी आख्यायिका आहे. देव जमिनीच्या पातळीखालीं असल्यामुळें दर्शनास पायऱ्या उतरून जावें लागतें. समोरच कुंड आहे. सासूबाई आमचा हात धरून सावकाश उतरल्या आणि गारव्यांत बराच वेळ बसून राहिल्या.

बाहेर दूर्वा विकणाऱ्या मावशींस आम्हीं आमचें दुःख सांगितलें. त्या हंसून म्हणाल्या, “देवाले पाणी आवडते बाई, त्याच्या शमीले नाही!” आणि त्यांनीं पिकलेल्या शेंगांची मूठ आमच्या पदरांत टाकली.

घरीं येतांच बिया रात्रभर भिजवून, मुरूम घातलेल्या उंचवट्यावर भर उन्हांत जागच्या जागीं पेरल्या. कारण शमीचें सोटमूळ फार खोल जातें, त्यास कुंडी पुरत नाहीं. त्याच झिरझिरीत पानांच्या शोभेसाठीं कुंपणावर शतावरी चढविली. तिचीं तीं ‘पानें’ वस्तुतः बारीक फांद्याच असतात, हें मुलांस मोठें नवल वाटलें. दिवाळीनंतर पुढच्या वाफ्यांत शेपू पेरावयाचा आहे. त्यासहि उपटून लावणें मानवत नाहीं.

बाराव्या दिवशीं दोन अंकुर दिसले. तेव्हांपासून पाण्याची झारी सासूबाईंनीं आपल्या ताब्यांत घेतली आहे. ही पत्री देवास वाहण्याजोगी होण्यास कांहीं वर्षें लागतील, हें त्या जाणतात. तरी रोज सकाळीं काठी टेकीत जाऊन त्या ते अंकुर पाहून येतात, आणि पाणी न घालतां परत फिरतात.