दुधाविना खीर, साठ माणसांची



दोन वर्षांपूर्वीची क्षमावाणी. आमच्या बदलापूरच्या घरी पंगत होती. अंबरनाथचे दीर, उल्हासनगरची नणंद, सोसायटीतली चार घरं, मिळून साठ पानं. श्रीखंड दुकानातून आणलं होतं, दोन हजारांवर पैसे गेले. थोरल्या जाऊबाई, आम्ही त्यांना अक्का म्हणतो, वाढत होत्या. माझ्या भाचीच्या लेकीने विचारलं, "आजी, तू का नाही घेत?" अक्का हसून म्हणाल्या, "माझा त्याग आहे ना बाळा."

माझ्या हातातली पुरी तशीच राहिली. मोठे दीर गेले तेव्हा अक्कांनी दूध, दही आणि तूप सोडलं होतं. नियम घेतला तेव्हा मी शेजारीच बसले होते! त्यानंतर तीन वर्षं माझ्या घरी बासुंदी झाली, पेढे झाले, श्रीखंड झालं, आणि त्या पळी घेऊन पानापानांतून फिरत राहिल्या. सकाळीच मी हात जोडून त्यांना "उत्तम क्षमा" म्हटलं होतं. कशाची, ते मला माहीतच नव्हतं.

म्हणून गेल्या वर्षी ठरवलं, गोड असं करायचं की वेगळी वाटी काढायला नको. वेगळी वाटी अक्कांना आवडत नाही, सगळ्यांचं लक्ष जातं.

आपल्यात दूध, दही, तूप, तेल, गोड आणि मीठ हे सहा रस. दूध सोडलेली बाई तूप खात असेलच असं नाही, नसेलच असंही नाही, तेव्हा आधी विचारून घ्या. शिरा, लापशी बिनदुधाची असते, पण तुपाशिवाय कुणी करत नाही. गाजर, रताळं तर आपल्याला चालतच नाही. मग आठवली माहेरची गव्हाची खीर. सांगली-कोल्हापूरकडे गावजेवणाला हीच असते. दूध आणि तूप वरून, ज्याला हवं त्याने घ्यायचं. मूळ खिरीत दुधाचा थेंब नाही.

साठ जणांना अडीच किलो कांडलेली खपली लागली. माझे वडील महालक्ष्मीने येऊन कल्याणला उतरतात, तेव्हा पिशवीत ती असतेच. नसेल तर जाड दलिया घ्या, उल्हासनगरला किराणा होलसेलमध्ये स्वस्त पडतो. मी रात्री भिजत घालत नाही. उजाडल्यावर गहू निवडून, धुऊन, कढत पाण्यात तीन तास ठेवले. मोठ्या कुकरमध्ये दोनदा लावले, चौपट पाणी, आठ-दहा शिट्ट्या. दाणा बोटाने चिरडला पाहिजे. गूळ त्याआधी घालायचा नाही, नाहीतर गहू पुढे शिजतच नाही, कितीही गॅस जाळा. अडीच किलो गूळ पाण्यात विरघळवून गाळून घेतला. काय काय निघतं ते गाळल्यावरच कळतं. सहा नारळ: चारांचं दूध काढलं, दोनांचे काप खोबरेल तेलावर परतले. नारळाचं दूध गॅस बंद केल्यावर घाला, उकळलं की फाटतं. वेलची आणि सुंठ. (आई खसखस घालायची, मी बहुबीज म्हणून सोडली.) खपलीचे पैसे धरूनही सगळं हजाराच्या आत झालं.

पंगतीच्या आधी अक्कांना आत बोलावलं. "अक्का, तीन वर्षं माझ्या लक्षात आलं नाही, माफ करा," एवढंच बोलता आलं. त्या म्हणाल्या, "अगं, त्यात काय." मग थोडं थांबून, "पण वाढायला बरं वाटायचं. बसलं की ह्यांची आठवण यायची."

ते मला सुचलंच नव्हतं. तरी त्या दिवशी मी त्यांना पळी दिली नाही. माझ्या शेजारी पाटावर बसवलं. त्यांनी खीर खाल्ली, अर्धी वाटी परत मागितली, आणि गूळ जरा कमी पडलाय म्हणाल्या. अडीच किलोला तीन किलो घ्या.