चिलखतावर वीज पडली तर

स्कायरिम हा गेम २०११ सालचा, तरी त्याचा नाद अजून सुटत नाही. त्यात मारक जादू तीन: आग, थंडी आणि वीज. चिलखताचा पूर्ण संच घालून आकडा ५६७ वर नेला की तलवारीचा नि बाणाचा ८० टक्के मार अडतो. जादूचा मात्र एक टक्काही नाही. त्यासाठी मंतरलेली अंगठी नाहीतर ताईत शोधत फिरायचं. खेळ रंगायला हा नियम ठीकच आहे. पण नखशिखांत पोलादातला माणूस आणि उघडाबंब माणूस आगीपुढे सारखेच, हे पटत नाही.

*

आधी वीज, कारण तिथे गेमवाले सगळ्यात जास्त चुकतात. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाच्या पाचव्या आवृत्तीत विजेचा एक मंत्र आहे. समोरच्याच्या अंगावर धातूचं चिलखत असेल, तर २०१४ च्या नियमांत तो लागण्याची शक्यता वाढायची. लागेलही. पण लागल्यावर काय?

मायकेल फॅरेडेने १८३६ साली धातूने मढवलेली खोली बांधली, बाहेरून तिच्यावर विजेचे लोळ सोडले आणि आत वीज ओळखणारं यंत्र घेऊन बसला. आत काही नाही. प्रवाह बाहेरच्या बाहेर वाहून जातो. विमानांवर वीज पडते तेव्हा आतले प्रवासी याच कारणाने वाचतात. ४०० केव्हीच्या चालू लाइनवर काम करणारे हॉटलाइनवाले धातूचे धागे विणलेला पोशाख घालून थेट तारेला हात लावतात, तेही याच जोरावर. म्हणजे विजेपुढे उभं राहायचं तर लोखंड घालूनच.

*

अटी आहेत. शिरस्त्राणापासून पायाच्या पत्र्यापर्यंत धातूला धातू लागलेला हवा. मध्ये फट राहिली की ठिणगी तिथून उडी मारणार, आणि आत मान असेल तर मानेतून जाणार. चामड्याच्या तळव्याचा जोडा हीसुद्धा फटच, पण ढगातून मैलभर आलेल्या विजेला तेवढी उडी जड नाही. कड्यांच्या चिलखतात दोन कड्या जेमतेम टेकतात, तिथे धातू वितळून चिकटू शकतो. कानठळ्या बसणं वेगळंच.

आणि जादूगाराच्या बोटातून वीज निघायला दाब किती लागतो? हवा फोडायला मीटरमागे साधारण ३० लाख व्होल्ट लागतात. पाच मीटरवरच्या शत्रूसाठी दीड कोटी झाले. एवढा दाब स्वतःच्या हातावर घेऊन उभा राहणारा माणूस सुती झग्यात असतो, हे गेममधलं सगळ्यात मोठं धाडस.

*

आग. इथे प्रश्न एकच: किती वेळ?

आगीपासून वाचवणाऱ्या कपड्यांची एक ठरलेली चाचणी आहे. पुतळ्याला कपडे घालून त्याच्यावर चौरस मीटरला ८४ किलोवॅट इतकी ज्वाळा साधारण ३ सेकंद सोडतात. दीड मिलिमीटरच्या पोलादी पत्र्याने ती सगळी उष्णता शोषली तरी त्याचं तापमान सुमारे ४३ अंशांनीच वाढेल. आत जाड गोधडीवजा अंगरखा असेल, तर कातडीला पत्ताही लागणार नाही. १० सेकंद झोत धरला तर मात्र पत्रा १४० अंशांनी वर जातो, आणि झोत थांबल्यावरही तापलेलाच राहतो. चिलखत पटकन उतरवता येत नाही. बंद, बकलं, मदतीला एक माणूस.

*

चटका अडवतो तो आतला अंगरखा. अट एकच, तो कोरडा हवा. ओल्या फडक्याने तवा उचलून पाहिलेल्याला कारण सांगायला नको. आणि लढणाऱ्याच्या अंगावरचा अंगरखा कोरडा असतोच कधी? इंग्लंडमधल्या लीड्स विद्यापीठातल्या संशोधकांनी माणसांना चिलखत घालून ट्रेडमिलवर चालवलं. चालायला दुपटीहून जास्त शक्ती लागली. म्हणजे घामही तसाच. अग्निशमन दलाच्या जवानांनाही घामाने भिजलेल्या पोशाखातून वाफेचे चटके बसतात.

*

खरी आगीची जादू हत्तीनच्या लढाईत झाली. ४ जुलै ११८७. सुलतान सलादिनच्या लोकांनी वाळलेलं गवत पेटवलं. समोरचे क्रुसेडर, म्हणजे ख्रिस्ती धर्मयोद्धे, आधीच तहानेने कासावीस, अंगावर लोखंड, वर उन्हाळा, त्यात धूर. चिलखत तापवायची गरजही पडली नाही.

श्वास कुठलंच पोलाद गाळून देत नाही.

*

थंडी. वीसेक किलोचं चिलखत ३० अंशांवरून उणे २० पर्यंत उतरवायला सुमारे ५०० किलोज्यूल काढून घ्यावे लागतात. द्रव नायट्रोजनच्या हिशेबात, नुसत्या उकळण्यात, अडीच किलो. जादूगाराला फार नाही. पण आत अंगरखा आहेच, त्यामुळे माणूस गोठत नाही. गोठतात ते सांधे: एकमेकांवर सरकणाऱ्या पट्ट्यांमधला घाम बर्फ होतो आणि कोपर वळेनासं होतं. स्कायरिममध्ये थंडीची जादू समोरच्याचा दम संपवते. हे त्यांना बरोबर सुचलंय.

उघडं बोट मात्र लोखंडाला लागू द्यायचं नाही. सियाचीनवरच्या जवानाला हे सांगावं लागत नाही.

*

थंडीचा खरा डाव दुसरा आहे. गारठलेलं पोलाद ठिसूळ होतं. १६ जानेवारी १९४३ ला अमेरिकेत ओरेगॉनमध्ये ‘शेनेक्टडी’ हे नवंकोरं तेलवाहू जहाज धक्क्यालाच उभं असताना मधोमध तडकलं; पाणी शांत होतं. जुन्या भट्टीच्या लोखंडात फॉस्फरस जास्त असेल तर ते थंडीत आणखी लवकर दगा देतं. म्हणून आधी थंडीचा झोत, मागोमाग हातोडेवाला सोबती. गेममध्ये या जोडीला वेगळं बक्षीस नाही, असायला हवं होतं.

*

झगेवाल्यांसाठी एक. दोन जादूगार समोरासमोर आले तर विजेपुढे दोघेही उघडेच. त्यांनी आगीने भांडावं, आणि झगा लोकरीचा शिवून घ्यावा. सूत भराभर पेटतं. लोकर सहज पेट घेत नाही, आणि ज्वाळा बाजूला झाली की बहुधा आपली आपण विझते. वास येतो तेवढा सोसावा.