घरातली लेकरं, धुऱ्यावरची लेकरं

उर्वरित महाराष्ट्रात जूनच्या मध्यावर शाळेची घंटा वाजते, तेव्हा आमच्या वर्धा जिल्ह्यात ऊन उतरलेलं नसतं. म्हणून विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, आणि त्याच सुमारास वावरात सरकी टोबायची घाई असते. त्या वर्षी थोरली साडेचार वर्षांची होती, धाकटा दोन पूर्ण व्हायचा होता. मुलांचे बाबा पहाटेच वावरात जात. मी वर्ध्याला नोकरीला. घरी आजी आणि आबाजी. लेकरांचं वर्ष या चौघांच्या हातांवर चालणार होतं, आणि त्यात सगळ्यात मोठा वाटा आजींचा असणार, हे आम्हाला ठाऊक होतं.

थोरलीला कुठे घालायचं, यावर घरात बराच खल झाला. आमच्याकडे इंग्रजी माध्यमाच्या बालवर्गाला सरसकट कॉन्व्हेंट म्हणतात. सकाळी त्याची पिवळी गाडी येते आणि गावातली निम्मी लेकरं टाय बांधून त्यात चढतात. आम्ही मात्र सेवाग्रामच्या नई तालीमच्या आवारातली आनंद निकेतन निवडली. मराठी माध्यमाची ही शाळा २००५ साली पुन्हा सुरू झाली. पुस्तकांसोबत शेती, सूतकताई, स्वयंपाक आणि सफाई हाही तिथे शिक्षणाचाच भाग आहे. मुलांच्या मोठेबाबांना, म्हणजे थोरल्या काकांना, हे पटलं नाही. “पोट्टीले शिकवासाठी धाडून राह्यले का कापूस कातासाठी?” असं त्यांनी सरळ विचारलं. प्रश्न रास्त होता. तीन पिढ्या कापसातच राबलेल्या घराला, मुलीच्या हाती परत कापूस कशासाठी द्यायचा, असं वाटणारच.

मी त्यांना त्या जागेचा इतिहास सांगितला. गांधीजी १९३६ मध्ये शेगावात राहायला आले. पुढे त्या गावाचं नाव सेवाग्राम झालं. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यात शिक्षण परिषद भरली, डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि हाताच्या कामातून शिक्षण देण्याची नई तालीमची योजना तयार झाली. आशादेवी आणि आर्यनायकम या दांपत्याने ती सेवाग्रामात उभी केली. मूळ योजना सात ते चौदा वर्षांच्या मुलांची होती. तुरुंगातून सुटून आल्यावर १९४५ मध्ये गांधीजींनी तिची व्याप्ती वाढवली: शिक्षण जन्मापासून मरणापर्यंत चालायला हवं, म्हणजे सातच्या आतल्या लेकरांचाही विचार हवा. सेवाग्रामात या लहानग्यांचं काम शांताबाई नारूलकरांनी सांभाळलं. घर, आई, अंगण, अंघोळ, जेवण, झाडलोट यांतूनच मूल शिकतं, असा त्या पूर्व बुनियादी शिक्षणाचा पाया. मोठेबाबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “पाहू वर्षभर.”

तर ते वर्ष.

पावसाळ्यात थोरली पहिल्यांदा टकळी आणि पेळू घेऊन घरी आली. सूत दोन वितींवर तुटायचं. ती परत पेळू लावायची, परत तुटायचं. आबाजी खाटेवरून पाहत. लहानपणी सेवाग्राम आश्रमाच्या वाटेवर कातणारी माणसं पाहिलेल्या त्या म्हाताऱ्याने एक दिवस तिच्याकडून टकळी मागून घेतली आणि दोघं ओसरीवर कातत बसले. मी तिथून हलले नाही. ती कंटाळली नाही, रडली नाही, “आई, बघ ना” असंही म्हणाली नाही. प्लॅस्टिकची खेळणी तिला एवढा वेळ कधी धरून ठेवू शकली नव्हती. लहान मुलाला खेळण्यापेक्षा काम प्रिय असतं, अशी माझी त्या दिवशी खात्री पटली आणि वर्षभरात ती पक्की होत गेली. मात्र ते काम खरं लागतं. लटक्या कामाची मुलांना लगेच ओळख पटते.

स्वयंपाकघरात हे रोज दिसायचं. तिला गवार मोडायची असे, पण हाताने नाही, विळीवर. माझा जीव वरखाली होई. आजींनी तिला आपल्या मांडीशी बसवलं, तिच्या हातावर आपला हात ठेवला आणि मला म्हणाल्या, “करू दे नं तिले. हात कापला त भरते, भेव भरलं त निघत नाही.” पौषात तुरीच्या ओल्या शेंगा आल्या, तेव्हा सोले काढायचं काम दोन्ही लेकरांनी अंगावर घेतलं. धाकट्याचे निम्मे दाणे तोंडात, काही जमिनीवर, उरलेले परातीत. त्या सोलेवांग्याच्या भाजीला घरात त्याचं नाव पडलं आणि ताटातली भाजी त्याने शेवटच्या दाण्यापर्यंत खाल्ली. जेवण्यावरून मागे लागणं आमच्या घरात तेव्हापासून जवळजवळ बंद झालं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विदर्भात तान्हा पोळा असतो. पश्चिम महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी सांगते: हा लेकरांचा पोळा. लाकडाचे, चाकांवर चालणारे नंदी रंगवून, झूल घालून मुलं त्यांना दोरीने ओढत मारुतीच्या पाराजवळ आणतात आणि मग घरोघर फिरतात. घरची बाई नंदीला ओवाळते आणि मुलांच्या हातावर बोजारा ठेवते, थोडे पैसे किंवा खाऊ. आमच्या जिल्ह्यातल्या सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा तर दूरवर प्रसिद्ध आहे. तिथले मोठमोठे नंदी पाहायला आजूबाजूची गावं लोटतात. आमच्या घरचा नंदी सागाचा, मुलांच्या बाबांच्या लहानपणचा. आदल्या दिवशी खऱ्या बैलांचं सगळं त्यांनी पाहिलं होतं: खांदे तूप-हळदीने शेकणं, अंघोळ, शिंगांचा रंग, पुरणपोळीचा घास. ते सगळं दुसऱ्या दिवशी लेकरांनी लाकडाच्या बैलाला केलं, एकही पायरी न गाळता. धाकट्याने आपल्या वाटीतलं पुरण त्याच्या तोंडाला फासलं. वर्षभर ज्याच्या जिवावर खायचं, त्याला एक दिवस आधी जेवू घालायचं, हे त्यांना कुणी समजावून सांगितलं नव्हतं.

भाद्रपदात गावात ताप पसरला. धाकटा सापडला. दोन्ही लेकरांचा जन्म सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयातला. डॉ. सुशीला नायर यांच्या धडपडीतून उभं राहिलेलं हे रुग्णालय आज महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचं आहे. आम्ही तिथेच धावलो. ते दिवस कसे काढले ते लिहायला नको. लेकरू बरं होऊन घरी आलं.

आश्रमात संध्याकाळच्या प्रार्थनेला आम्ही अधूनमधून जायचो. थोरलीला प्रार्थनेपेक्षा गांधीजी राहत त्या बापूकुटीच्या भिंतीचं वेड लागलं. मातीच्या त्या भिंतीवर त्यांच्या शिष्या मीराबहनने मातीतूनच उठावाची चित्रं काढली आहेत. ताडाची झाडं आहेत, चरखा आहे. हे चित्र रंगाचं नाही, भिंतीचंच आहे, हे तिच्या लक्षात आलं तेव्हा ती फार वेळ तिथे उभी राहिली. दिवाळीआधी घर सारवायला काढलं, तेव्हा तिने गोठ्याची एक भिंत मागून घेतली. माती, शेण, थोडं भुसकट आजींनी कालवून दिलं. तिने त्यावर एक गाय केली. चार पाय एका रांगेत, शिंगं कानांपेक्षा आखूड, शेपटी जमिनीपर्यंत. आमच्या गोठ्यात गवळाऊ गाय आहे, वर्धा जिल्ह्याच्या मातीतली पांढरीशुभ्र जात. चित्राला चुना द्यायचा असं तिनेच ठरवलं. भिंत वाळली, थोडी तडकली, तरी गाय टिकली. मोठेबाबा दिवाळीला आले तेव्हा त्या भिंतीसमोर थांबले आणि पोरीला उचलून घेतलं. शाळेचा विषय त्यांनी परत काढला नाही.

इथवरचं वर्ष आनंदाचं आहे, आणि ते तसंच लिहायला हवं. पण कापूस वेचणीला आल्यावर मी जे पाहिलं, त्यावाचून हे लिखाण अर्धं राहील.

दसऱ्यानंतर बोंडं फुटली. पहिल्या वेचणीआधी वावरात सीतादही केलं, म्हणजे वेचणीच्या मुहूर्ताची पूजा. थोरलीने आजीच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्याची छोटी ओटी कमरेला बांधली आणि ती बायांच्या पातीत घुसली. बोंडाच्या वाळल्या टोकांनी तिची बोटं खरचटली. तरी ती वेचत राहिली, थकली की धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, येऊन बसायची, पाणी प्यायची, परत जायची. त्याच धुऱ्यावर कडुलिंबाला एक झोळी बांधलेली होती. झोळीत एका वेचणाऱ्या बाईचं तान्हं. दोरी हलवायला तिची मोठी मुलगी, आमच्या थोरलीपेक्षा दोनेक वर्षांनी मोठी. ती शाळेच्या वेळात तिथे होती. आमची पोरगी हौसेने कापूस वेचत होती, हवं तेव्हा थांबत होती. ती दुसरी पोरगी मात्र थांबू शकत नव्हती, कारण झोळी थांबली की बाळ उठे, बाळ उठलं की आईची पात मागे पडे.

वेचणीची मजुरी किलोवर असते. संध्याकाळी काट्यावर जेवढा कापूस भरेल तेवढेच पैसे. म्हणजे लेकराला पाजायला घालवलेला वेळ आईच्या मजुरीतून वजा होतो. सकाळी कापसावर दव असतं तोवर वजन चांगलं भरतं, म्हणून बाया लवकर येतात. अंगणवाडी उघडायच्या आत त्या वावरात असतात आणि त्या परतायच्या किती तरी आधी अंगणवाडी सुटलेली असते. मधल्या तासांत लहानग्यांना सांभाळायला उरते ती बहीणच. हे आमच्याच वावरात चाललं होतं, आमच्याच कापसासाठी.

आजींनी पहिल्याच आठवड्यात बायांना निरोप धाडला, “लेकरं माह्याजवळ आणून सोडा.” तेव्हापासून आमच्या अंगणात सकाळी सकाळी झोळ्या बांधल्या जाऊ लागल्या. दुपारी शाळेतून आलेली थोरली त्यांच्यात रमायची. तिची टकळी, तिची माती, धाकट्याचा नंदी, सगळं सगळ्यांचं झालं. झोळी हलवणारी ती मुलगी परत शाळेत जायला लागली. वेचणीच्या शेवटी शेवटी मात्र आजींचे गुडघे बोलू लागले. सत्तरीच्या बाईने एवढी लेकरं उचलायची तरी किती? एका घराच्या मायेवर गावाचं काम चालत नाही.

होळीला शेणाच्या चाकोल्यांच्या माळा झाल्या, चैत्रात कुरड्या-सरगुंड्यांवरचे कावळे हाकलायचं काम लेकरांनी केलं, आणि मग मे आला. पारा पंचेचाळिशीच्या पुढे. दुपारभर दारं बंद, खिडकीला वाळ्याच्या ताट्या, रात्री गच्चीवर अंथरुणं. आबाजी चांदण्या दाखवत झोपवायचे. नवतपाचे कडक उन्हाचे नऊ दिवस संपले, ढग आले. बायांनी पुढच्या वेचणीची चौकशी आत्तापासून केली, आणि सोबत आणखी एक गोष्ट विचारली: लेकरांचं काय करता?

रोजगार हमीच्या २००५ च्या केंद्रीय कायद्यात एक फार चांगली तरतूद होती. कामावर येणाऱ्या बायांसोबत पाच किंवा अधिक लहान मुलं असली, तर त्यांना सांभाळायला एका बाईला नेमायचं आणि तिला मजुरी द्यायची. सरकारी कामाला जे सुचलं, ते कापसाच्या वावराला लागू नाही, कारण तिथला मालक आमच्यासारखा शेतकरी. एकेकट्या शेतकऱ्याला ते झेपणारंही नाही. पण गावाला झेपेल. दसऱ्यापासून वेचणी संपेपर्यंत अंगणवाडीच्याच खोलीत सकाळी लवकर उघडणारं, संध्याकाळी काटा झाल्यावर बंद होणारं पाळणाघर चालवता येईल. गावातल्या दोन बायांना त्यातून मजुरी मिळेल. ग्रामपंचायतीने थोडं द्यावं, कापूसवाल्या घरांनी आपल्या वावराच्या मानाने थोडं द्यावं. आमच्या घराचा वाटा आम्ही सरपंचांना आधीच सांगून ठेवला आहे. ज्या गावांत कपाशी होते, तिथल्या प्रत्येक घराला माझी विनंती आहे: यंदाच्या सीतादह्याआधी हा विषय ग्रामसभेत मांडा.