दादांची मोटार

निवृत्तीनंतर हाताला काही चाळा असावा म्हणून जुन्या मोटारी दुरुस्त करणारे पुष्कळ असतील. माझ्याकडे मात्र एकच आली, तीही वहिनींनी सोपवलेली. ‘टेकॉल’ या इंग्रजी कंपनीची ही लहानशी विजेची मोटार नावांच्या प्रतिकृतींसाठी असे. आमची १९५०च्या दशकातली. आमचे दादा लालागुड्याच्या रेल्वे कारखान्यात होते. तिचे जळालेले वेटोळे त्यांनी पुढे स्वतः नव्याने गुंडाळले होते. “तार बदलू नका भावोजी, ती यांच्या हातची आहे,” एवढीच वहिनींची अट.

राणीगंजमधील कारागिराने पाहताक्षणी नवे वाइंडिंग सुचवले. त्याच्या दृष्टीने ते योग्यच होते. मी मोटार विद्यानगरला परत आणली. दोन दिवस चाळीस वॅटच्या दिव्याखाली ठेवून तिच्यातला दमटपणा घालवला. तुटलेल्या तारेचे नखाएवढे टोक उरले होते, त्याला जपून डाग दिला. कम्युटेटर स्पिरिटने पुसला. (एमरी पेपर तेथे वर्ज्य, त्याचे वीजवाहक कण फटींत अडकून बसतात.) सहा व्होल्टवर ब्रशापाशी ठिणगी उडाली आणि मोटार फिरली.

खरी अडचण पुढेच होती. दादांच्या नातवाला नाव मागेही न्यायची होती. आजच्या खेळण्यांतील मोटारीत कायम चुंबक असतो. बॅटरीची टोके उलटवली की ती उलटी फिरते. हिच्यात चुंबकाच्या जागीही तारेचेच वेटोळे. टोके उलटवली की वेटोळे आणि आर्मेचर, दोन्हींतला प्रवाह एकदम उलटतो, दिशा मात्र तीच राहते. नातू म्हणाला, नवी मोटारच बसवू या. व्यवहाराला धरूनच होते ते. पण मग दादांची तार कपाटात गेली असती.

अखेर चार डायोडांचा पूल जोडला. त्यामुळे आर्मेचरमधला प्रवाह उलटतो, वेटोळ्यातला नाही. पुलात जवळपास दीड व्होल्ट खर्ची पडतो, म्हणून बॅटरी थोडी मोठी घेतली. त्यासाठी एकच जोड सोडवावा लागला, आणि तो कंपनीचा होता, दादांचा नव्हे.

गच्चीवरच्या टाक्यात नाव मागे आली तेव्हा वहिनी गुडघे धरत वर आल्या. मोटारीची घरघर त्यांनी उभ्यानेच ऐकली. “यांच्या वेळी ती मागे येत नव्हती,” म्हणाल्या, आणि नातवाला नाव पुन्हा पुढे न्यायला सांगितली.