पाय कुठे होता?

१४ जानेवारीच्या रात्री आमच्या घरी जेवणावर कोणाचेच लक्ष नव्हते. पुण्यात कोथरूडला महाराष्ट्र केसरीचा शेवटचा दिवस होता. माती विभागाच्या अंतिम कुस्तीत सिकंदर शेख महेंद्र गायकवाडकडून हरला आणि नववीत शिकणाऱ्या माझ्या मुलाने समोरचे ताट सरकवून दिले. पुढे गदेची कुस्ती झाली. नांदेडकडून खेळणाऱ्या शिवराज राक्षेने महेंद्रला पाडून गदा घेतली. शेजारच्या जिल्ह्याचे नाव झाले म्हणून आम्हा लातूरकरांना बरे वाटायला हवे होते. पण आमच्या चाकूरच्या घरात त्या कुस्तीकडे कोणी धड पाहिलेही नाही.

दुसऱ्या दिवशी संक्रांत, तीही रविवारी. शेजारून तिळगूळ आला, आणि फोनवर एकामागून एक व्हिडिओ येत राहिले. महेंद्रने बाहेरची टांग लावली, पंचांनी चार गुण दिले, ते चार होते की दोनच, यावर सगळा महाराष्ट्र पंच झाला होता. मग त्यात जे यायला नको होते तेही आले. ‘शेख आहे म्हणून.’ माझ्या मुलाने हे तीन शब्द आपल्या स्टेटसला ठेवले. पंचांना फोनवरून धमकी गेल्याचे पेपरात आले, तेव्हा मात्र मला भीती वाटली. स्टेटसपासून तिथपर्यंतचा रस्ता फार लांबचा नसतो.

माझे अब्बा आमच्याजवळच असतात. एस.टी.त मेकॅनिक होते, आता सत्तरी ओलांडली आहे. तरुणपणी तालमीत घुमले, जत्रांच्या फडात नारळापासून सुरुवात करून बऱ्यापैकी इनामाच्या कुस्त्यांपर्यंत गेले, लातूरच्या सिद्धेश्वर यात्रेतही लढले. डावा कान मोडून त्याची गाठ झालेली आहे. बाईमाणसाने कुस्तीवर काय लिहावे असे कोणाला वाटेल, पण अब्बांच्या लंगोटातली लाल माती मोरीतून वाहून जाताना बघतच मी मोठी झाले. हौद्याच्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू किती घालायचे हे मला बिर्याणीच्या मसाल्याआधी ठाऊक होते.

त्या रविवारी अब्बांनी चष्मा लावला, नातवाचा फोन हातात घेतला आणि ती टांग दहा-बारा वेळा पाहिली. बोलले काहीच नाहीत. मुलगा मात्र सारखा बोलत होता.

“नाना, पाठ टेकलीच नाही. कुशीवर पडला तो. दोनच होतात.”

यात त्याचे काही चुकत नव्हते. नियम असा आहे की समोरच्याला खाली आणून ताबा घेतला तर दोन गुण, आणि उभ्याने टाकताना त्याची पाठ थेट मातीकडे वळली, म्हणजे तो धोक्याच्या स्थितीत गेला, तर चार. पाठ आणि जमीन यांच्यातला कोन काटकोनापेक्षा कमी झाला की धोका धरतात. आता ऐंशी-नव्वद किलोंच्या वरची दोन शरीरे क्षणात फिरतात तेव्हा हा कोन एका बाजूने एक दिसतो, दुसऱ्या बाजूने दुसरा. आपण फोनवर जो बघतो तो तिसराच.

“बरं, दोन धर,” अब्बा म्हणाले.

“दोन असते तर निकाल वेगळा लागला असता!”

“लागला असता,” अब्बा म्हणाले, आणि पुन्हा व्हिडिओ मागे नेला. “मगर पाँव देख. पाँव कां था उसका?”

मग ते उठले. अंगणात गेले, नातवाला समोर उभे केले. गुडघे दुखतात, नमाजही खुर्चीवर बसून पढतात, तरी त्यांनी त्याचा उजवा दंड आपल्या बगलेत पक्का आवळला, छातीला छाती भिडवली आणि आपला पाय त्याच्या पायाच्या बाहेरून आडवा घातला. टाकले नाही, नुसते कमरेतून जरा फिरले. मुलगा पूर्ण कलला आणि नानांच्याच शर्टाला धरून कसाबसा उभा राहिला.

“आता पाय मागं घे. कंबर मागं. डोकं माझ्या छातीला लाव.” त्यांनी पुन्हा पाय घातला. या वेळी तो हवेतच फिरला, लावायला समोर काही नव्हते.

टांगेचे सगळे गणित एवढेच आहे. ती लावणाऱ्याला तीन गोष्टी लागतात: समोरच्याचा हात अडकलेला, छाती जवळ आणि पाय पुढे. यातली एक जरी तुम्ही दिली नाही तरी डाव उलटा लावणाऱ्याच्याच अंगाशी येतो, कारण त्या क्षणी तो एका पायावर असतो. अब्बांचे म्हणणे, सिकंदर अंगावर जाणारा गडी आहे. त्याची ताकद त्याच्या वेगात आहे, आणि खोटही तिथेच आहे. तो आत शिरतो तेव्हा कधी कधी उभाच शिरतो. बरोबरीच्या उंचीचा असेल तर हे खपून जाते. महेंद्रसारखा उंचपुरा, दांडगा मल्ल समोर असेल तर उभे राहून छातीला भिडणे म्हणजे त्याच्या हातात दोरी देणे.

मग पुन्हा गाठ पडली तर? मुलाने विचारले. आम्हाला सगळ्यांनाच ते विचारायचे होते.

अब्बांनी बराच वेळ हिशेब केला. खांद्याला खांदा लावून जोर आजमावत बसायचे नाही. लांबून, खालून पट काढायचा, आणि पट लागला नाही तर तिथे रेंगाळायचे नाही, कारण भारी माणसाखाली डोके सापडले की तो नुसता वजन टाकून दमवतो. तीन-तीन मिनिटांचे दोन डाव असतात. पहिल्या तीन मिनिटांत त्याला फिरवत ठेवायचे. एवढे मोठे अंग चौथ्या-पाचव्या मिनिटाला श्वास मागते, तेव्हा सिकंदरच्या वेगाला किंमत येते. दंड अडकला तर आधी तो सोडवायचा, मग दुसरा विचार. “ये किया तो दस में छे बार सिकंदर,” ते म्हणाले. आणि नाही केले तर? “तो वहीच टांग.”

कोल्हापूरच्या ज्या गंगावेस तालमीत सिकंदर तयार झाला, तिथेच आपल्या लातूर जिल्ह्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार तयार झाले होते. १९७७ साली बेळगावात त्यांनी सतपालला हरवले, तेव्हा अब्बा सांगतात की चाकुरात त्यांनी उधारीवर पेढे वाटले. कोणाच्या आडनावाचा विचार त्यांच्या मनात आला असेल असे मला वाटत नाही. गावाकडचा माणूस जिंकला होता. मोहोळच्या हमालाचा मुलगा हरला म्हणून परवा रात्री हळहळलेल्या घरांतही सगळी आमच्यासारखी नव्हती. आमच्या शाळेतले शिपाई काका, पांडुरंगाचे माळकरी, सोमवारी मला पहिले वाक्य हेच बोलले की, “मॅडम, आपल्या सिकंदरचं वाईट झालं.” हे मी मुलाला सांगितले. तो गप्प बसला, पण स्टेटस काही काढले नाही.

त्याला नुसते ‘तसे काही नसते’ म्हणणे मला जमले नाही, कारण ते खरे नाही. तसे असते. मलाच ठाऊक आहे.

बी.एड. झाल्यावर एका शाळेत मराठीच्या जागेसाठी मी मुलाखतीला गेले होते. नमुना पाठ घेतला. समितीतल्या एका गृहस्थांनी माझे नाव पुन्हा वाचले आणि हसून विचारले, “मराठी ही काही तुमची मातृभाषा नाही ना?” मी पदवी मराठीत घेतलेली, गुण बाकीच्यांपेक्षा जास्त. जागा मिळाली नाही. घरी येऊन खूप रडले. अब्बा तेव्हा कामावरून आलेले, हाताला ग्रीस तसेच. सगळे ऐकून त्यांनी विचारले, “सबक में क्या चुका?” मला इतका राग आला की दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही.

तिसऱ्या दिवशी भावाचा टेपरेकॉर्डर घेतला, दार लावले आणि तोच धडा वाचला. ऐकताना कान गरम झाले. आम्ही घरी दखनी बोलतो, आणि माझा ‘चांदणे’मधला च हा ‘चहा’मधल्या चसारखा येत होता. ‘जग’ आणि ‘जीव’ यांतला ज एकच. ‘माळ’ आणि ‘माल’ यांत कधी फरक पडायचा, कधी नाही. त्या गृहस्थांच्या प्रश्नात खोट होती, ती आजही मला माफ करावीशी वाटत नाही. पण खोट माझ्या ‘च’मध्येही होती, आणि मराठी शिकवणाऱ्या बाईच्या ‘च’मध्ये ती चालत नाही. पुढचे सहा महिने मी रोज फजरनंतर वर्तमानपत्राचा अग्रलेख मोठ्याने वाचला. अम्मी म्हणायची, पोरगी कोणाशी भांडतेय? त्या शाळेत मी परत कधी गेले नाही. दुसरीकडे लागले, आणि आज वीस वर्षे मुलांचे ‘च’ दुरुस्त करते आहे.

हे मुलाला मी पहिल्यांदाच सांगितले. त्याने विचारले, “म्हणजे चूक तुझी होती?” मी म्हणाले, नाही. मग म्हणाले, थोडी. नीट उत्तर मला अजून देता येत नाही.

त्यापेक्षा मी त्याला जो लुईची गोष्ट सांगितली. अब्बांच्या खोलीत मुहम्मद अलीचा फोटो आहे, त्यामुळे मुष्टियुद्ध त्याला परके नाही; पण हा अलीच्याही आधीचा हेवीवेट. अमेरिकेतला काळा मुलगा, एकही लढत न हरलेला. १९ जून १९३६ रोजी न्यूयॉर्कमध्ये जर्मनीच्या मॅक्स श्मेलिंगने त्याला बाराव्या फेरीत आडवे केले. श्मेलिंगने त्याच्या लढतींच्या फिल्म पाहून एक गोष्ट हेरली होती: लुई डाव्या हाताने ठोसा मारला की तो हात परत आणताना खाली सोडतो, आणि तेवढा वेळ त्याचा जबडा उघडा पडतो. श्मेलिंगचा उजवा हात रात्रभर त्याच फटीतून गेला. लुईला अन्यायाची कारणे शोधायला त्याच्या देशात लांब जावे लागले नसते. काळ्या माणसाला तिथे पावलोपावली ती होती. २२ जून १९३८ रोजी पुन्हा लढत झाली तेव्हा तो दोन वर्षांपूर्वीचा लुई नव्हता. लढत पहिल्याच फेरीत संपली, १२४ सेकंदांत.

“आणि अन्याय?” मुलाने विचारले. “तो संपला का तिथला?”

“नाही,” मी म्हणाले. “पुष्कळ वर्षं नाही.”

“मग?”

अब्बा दारात तसबीह घेऊन बसले होते. त्यांनी ती खिशात ठेवली, भिंतीला धरून उठले आणि अंगणात गेले. मुलगा मागे गेला. बाहेर अंधार पडत आला होता, मी दिवा लावला. तो पाय मागे घेऊन, कंबर वाकवून, डोके खाली घालून उभा राहिला. अब्बांनी त्याच्या छातीवर दोन बोटे ठेवली आणि ढकलले. तो अर्धे पाऊल मागे गेला, टाच उचलली गेली.

“फिरसे,” अब्बा म्हणाले.